हरळी

गेल्या आषाढात मी मागच्या अंगणात हरळी लावत होतो. दोन-तीन गाठींचे तुकडे करायचे, ओल्या मातीत आडवे दाबायचे, वरून चिमूट-चिमूट शेणखत. माय ओट्यावर गहू निवडत बसली होती. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "मन्हा जलम गया हरळी उपटता उपटता, आन आते तू ती लावी ऱ्हायना?"

तिचं खरं होतं. काळ्या रानात हरळी, कुंदा आणि लव्हाळा एकदा शिरले की पिढ्या पुरतात. उन्हाळ्यात नांगरट झाली की माय आणि गल्लीतल्या बाया ढेकळांतून हरळीच्या काशा वेचायला जायच्या. वैशाखातलं आमच्या चोपड्याकडचं ऊन, डोक्यावर ओला फडका, कमरेवर पाटी. काशा म्हणजे जमिनीखाली पळणारे तिचे पांढरे, चिवट दोरे. बोटभर तुकडा मातीत राहिला तरी पहिल्या पावसात तो पुन्हा वर येणार. पाट्या भरभरून बांधावर आणायच्या, वाळू द्यायच्या आणि पेटवायच्या. संध्याकाळी सातपुड्याच्या बाजूला पाहिलं तर बांधाबांधावरून धुराच्या रेघा चढताना दिसायच्या. मायच्या गुडघ्यांची आज जी अवस्था आहे, ती निम्मी तरी त्या काशांनी केली. तिच्यापुढे बसून मी त्याच काशा मातीत पुरत होतो. मी एवढंच म्हटलं, "दगडूसाठी, माय."

"मंग लाव," ती म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

दगडू आमचं कासव. जमिनीवरचं. आफ्रिकेतलं सुलकाटा जातीचं. सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाने सेनेगल, माली, नायजर, चाडपासून सुदानपर्यंत जो कोरडा, गवताळ पट्टा जातो, तिथलं हे जनावर. पुण्यातल्या माझ्या मावसभावाने ते तळहाताएवढं असताना घेतलं होतं. पुढे त्याची परदेशात बदली झाली आणि साडेचार किलोचं कासव कोण सांभाळणार हा प्रश्न आला. माझ्याकडे अंगण आहे, ऊन आहे, म्हणून मी हो म्हटलं. कागदपत्रं आधी पुरी केली. २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ साली नियम आले, त्यानुसार अशा परदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले तर तेही कळवावं लागतं.

हे मुद्दाम लिहितोय, कारण दगडूला पाहायला येणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारतो, "आम्हालेबी एक चांदणी कासव भेटी का? घरात ठेवलं की बरकत येते म्हणतात." चांदणी कासव, म्हणजे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं भारतीय तारा कासव, घरात ठेवणं गुन्हा आहे. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, तुरुंगवास होऊ शकतो. पण कायद्यापेक्षा मला त्या कासवांचं वाईट वाटतं. गुजरात-राजस्थानच्या आणि दक्षिणेच्या माळरानांवरून पोत्यात भरून ती आणतात, आणि बरकतीच्या नावाखाली फरशीवर, पलंगाखाली, काकडीच्या चकत्यांवर ती संपतात. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला आपण वाकून हात लावतो. जिवंत कासवाला काय खायला लागतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मायने ते विचारलं. पहिल्याच दिवशी. गाडीतून टोपलं उतरवलं, तशी ती बाहेर आली. "काय लई उना रे?" मी झाकण काढलं. तिने खाली वाकून बराच वेळ पाहिलं. मग पहिला प्रश्न: "खास काय हाऊ?"

"गवत."

"मंग ढोर शे हाऊ." आणि लगेच नावही ठेवलं. आमच्याकडे नवसाचं, जगावं म्हणून डोळ्यात तेल घालून सांभाळलेलं पोर असलं की त्याला दगडू म्हणतात, म्हणजे कुणाची नजर लागत नाही.

ढोर, हा शब्द तिने सहज वापरला, पण पुढे मी जेवढं वाचलं आणि पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं, त्यातून निघालेलं सार तोच शब्द होता. सुलकाटा गवतावर जगतं. त्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागात सूक्ष्म जीव असतात, ते गवतातला चिवट चोथा आंबवून पचवतात. तिथे गोड फळं गेली की ते आंबणं बिघडतं. प्रथिनं कमी लागतात, चोथा भरपूर लागतो, आणि कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट लागतं, कारण त्याला हाडांचा सांगाडा तर आहेच, वर हाडाचंच घर पाठीवर आहे. पालक हिरवागार दिसतो, पण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. दगडू पुण्यात पालक, काकडी, टोमॅटो आणि कोबीवर वाढला होता. प्रेमाने दिलेलं होतं ते, त्यात शंका नाही. रोज सकाळी मंडईतून ताजं आणून, धुऊन, चिरून.

त्याच्या पाठीवर त्याची खूण आहे. कवचाचा प्रत्येक खण सपाट असायला हवा. दगडूचे खण छोट्या-छोट्या टेकड्यांसारखे वर आलेत. हे फक्त खाण्याने होत नाही. २००३ साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी याच जातीच्या पिल्लांवर अभ्यास केला, तेव्हा दिसलं की कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर उंचवटे जास्त येतात, प्रथिनांचा वाटा त्या मानाने किरकोळ. एकदा आलेले उंचवटे जात नाहीत. नवी वाढ तेवढी सपाट होऊ शकते. मी कधीकधी त्या टेकड्यांमधल्या खोबणीतून बोट फिरवतो. तिथे, अगदी कडेला, गेल्या वर्षभरात आलेली एक फिकट पट्टी आहे, दोऱ्याएवढी रुंद. ती सपाट आहे.

तर गवत. मला वाटलं, शेतकऱ्याच्या घरात गवताची काय चिंता. धाकटा भाऊ बापू शेती बघतो. केळी, कापूस, थोडी ज्वारी. रोज संध्याकाळी शाळेतून सुटलो की मोटारसायकल शेताकडे घ्यायची, विळ्याने पिशवीभर गवत कापायचं, झालं. पहिले दोन महिने तसंच चाललं. दगडूने ते गवत ज्या ओढीने खाल्लं, ते पाहून मला भरून आलं होतं. त्याला दात नाहीत. चोचीने पात धरतो, पुढचा पाय त्यावर रोवतो, मान मागे ओढतो आणि पात तुटते. टच. मग डोळे अर्धे मिटून चघळल्यासारखं करतो. पुन्हा टच. शांत दुपारी तो आवाज घरात स्वयंपाकघरापर्यंत येतो.

हरळी लावण्याच्या आदल्या वर्षी, श्रावणातल्या एका गुरुवारी मी बांधावरून नेहमीसारखी पिशवी भरून आणली. गवत हिरवंगार होतं, चमकत होतं. शुक्रवारी सकाळी दगडूने खाल्लं, शनिवारी खाल्लं नाही. रविवारी कोपऱ्यात डोकं आत घेऊन बसला. सोमवारी मी बापूला फोन केला, बोलता बोलता विचारलं, आणि तो एकदम गप्प झाला. "नाना, मंगळवारी धुऱ्यावर फवारा मारला ना. तणनाशक."

मंगळवारी बांधावर फवारलेलं, गुरुवारी कापलेलं. पण गवत तर पिवळं नव्हतं, असं मी म्हणालो. तेव्हा बापूने समजावलं, आणि मला माझीच लाज वाटली, की मी या घरात जन्मलो आणि मला हे ठाऊक नव्हतं. ते औषध पानातून आत जातं, मुळांपर्यंत उतरतं, आणि गवत पिवळं पडायला आठवडा-आठवडा घेतं. तोवर ते मेलेलं असतं आणि हिरवं दिसतं.

दगडूचं काय बिनसलं होतं, ते त्या फवाऱ्यानेच का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्याकडे गाई-म्हशींचे डॉक्टर आहेत, चांगले आहेत, पण कासव त्यांनी तपासलेलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसं रोज दोनदा कोमट पाण्याच्या घमेल्यात अर्धा तास बसवलं, ऊन दाखवलं, वाट पाहिली. माय घमेल्याशेजारी पाट घेऊन बसायची आणि ओंजळीने त्याच्या पाठीवर पाणी सोडायची. सातव्या दिवशी त्याने मान बाहेर काढून जास्वंदीचं एक फूल खाल्लं.

त्या आठवड्यात मी गावाभोवती पाच-सहा किलोमीटर फिरलो. एक पिशवी बिनफवाऱ्याचं गवत शोधत. केळीच्या बागा आहेत, तिथे करप्यासाठी पानांवर फवारे. कापसाचं तर विचारायलाच नको. त्यात आता तणनाशकाला न मरणारं, मान्यता नसलेलं चोर बीटी बियाणं आलंय, म्हणजे पिकावरूनच सरसकट पंप फिरवता येतो. रस्त्याकडेला गाजरगवत. नदीच्या कडेला घाणेरी. कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर रुई आणि एरंड, तेही विषारी. मी शेतकऱ्यांना दोष देत नाही. निंदणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, आणि माय ज्या काशा वेचून गुडघे घालवून बसली, ते काम आपल्या सुनेने करावं असं कुणालाच वाटत नाही. पण जिल्हाभर हिरवं दिसतंय आणि एका जनावराच्या तोंडात निर्धास्तपणे घालावी अशी एक मूठ त्यात नाही, हे त्या आठवड्यात मला पहिल्यांदा दिसलं. तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

म्हणून अंगण.

आमचं मागचं अंगण साधारण वीस फूट बाय तीस. त्याचे मी तीन वाफे केले. एकात दगडू चरतो, एक विसावतो, एक वाढतो. पंधरा-वीस दिवसांनी पाळी बदलते. दोन वाफ्यांत हरळी, एकात मारवेल. बांधावरचं जुनं मारवेल गवत, गुरं आवडीने खातात ते, एका ओळखीच्या म्हाताऱ्या बाबांच्या पडीक तुकड्यावर मिळालं. ठोंब उपटून आणले, एकेक फूट अंतरावर लावले. ज्वारी मी पेरलीच नाही. कोवळा पोंगा खाल्ला की त्यातल्या सायनाइडने गाय आडवी पडते, हे आमच्याकडे लहान पोराला माहीत असतं. उन्हाळ्यात हिरवं संपतं तेव्हा पूर्ण वाळलेलं मारवेल कापून ठेवलेलं असतं, ते थोडं पाणी शिंपडून देतो.

कडेने तुती. पेन्सिलीएवढ्या जाड काड्या, चार डोळ्यांच्या, दोन डोळे मातीत आणि दोन वर. बारापैकी नऊ जगल्या. तुतीच्या पानात कॅल्शियम चांगलं असतं आणि दगडूला ती इतकी आवडतात की पान हलल्याचा आवाज आला तरी येतो. शेवगा आहेच, पण त्यात प्रथिनं जास्त, म्हणून आठवड्यातून एखादी डहाळी. फड्या निवडुंगाची बिनकाट्याची जात मागवली; फड कापला की आठवडाभर सावलीत ठेवायचा, कापलेली जागा सुकून कातडी धरली की मग लावायचा, नाहीतर काळ्या मातीत कुजतो. माझे पहिले दोन तसेच कुजले. बिनकाट्याच्या फडावरही बारीक कुसळं असतात. ती चिमट्यात धरून गॅसवर भाजतो, मग देतो.

जास्वंद घरात आधीपासून होती, मायच्या पूजेची. आता तिची वाटणी झाली आहे. खालच्या फांद्यांची फुलं दगडूची, वरच्यांची गणपतीची. हरळीचंही तसंच. गणेशचतुर्थीला गल्लीतली पोरं दूर्वा मागायला आमच्या वाफ्यावर येतात, आणि माय त्यांना तीन पानांची कोवळी कशी निवडायची ते दाखवते. शेतात जिला ती हरळी म्हणून शिव्या द्यायची, तिची ती एकवीस-एकवीसची जुडी करून पोरांच्या हातात देते.

एक झाड काढावं लागलं. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, कुंपणाशी तांबडी कण्हेर लावली होती, मी सातवीत असताना. कण्हेरीचं पान-फूल सगळं विषारी, आणि तिची पानं वाऱ्याने वाफ्यात पडायची. कुऱ्हाड हातात घेऊन मी दोन दिवस ते पुढे ढकललं. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली, त्यांच्या हाताचं अंगणात तेवढंच उरलं होतं. शेवटी मायनेच विषय संपवला. म्हणाली, अण्णा असते तर त्यांनीच तोडली असती. गाय व्यायली की वासरू मोकळं सोडण्याआधी ते गोठ्याभोवतीची रुई आधी उपटायचे. मला ते आठवलं. उपटलेली रुई ते लांब उकिरड्यावर नेऊन टाकायचे आणि दोनदा हात धुवायचे. कण्हेरीच्या जागी आज तुती आहे.

बिळाचं प्रकरण मात्र अवघड गेलं. हे कासव आपल्या मुलखात जमिनीत खोल बीळ करून उन्हाळा काढतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, म्हणजे बीळ त्याला लागणारच. पण काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगा टाकते आणि पावसात फुगून सैल होते. तिच्यात केलेलं बीळ जूनमध्ये अंगावर बसायचं. म्हणून एक कोपरा खोदून काळी माती काढली, मुरूम भरला, वर सिमेंटचा अर्धा पाइप पालथा घालून त्यावर माती आणि गोणपाट ओलं ठेवलं. दगडू त्यात शिरतो आणि शिवाय स्वतः आणखी खोदतो. हिवाळ्यात उलटी काळजी. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि हे जनावर शीतनिद्रा घेणारं नाही. तेव्हा रात्री लाकडी पेटी, त्यात उब देणारा दिवा.

पाण्याचं सांगायचं तर नळ रोज येत नाही. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठतं, ते वाफ्यांना जातं. माझी लेक ते काम मनापासून करते. तिला ठाऊक आहे की दगडू नीट जगला तर पन्नास-साठ वर्षं सहज जगेल, आणि मी आज सत्तेचाळीसचा आहे. हे तिला मी सांगितलं नव्हतं. तिनेच एकदा तुतीच्या काड्या लावताना बोटांवर हिशोब केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काड्या सरळ लाव.

तण ओळखायला मात्र मी मायकडे शिकलो. परदेशातल्या सगळ्या माहितीत डँडेलियन नावाच्या रानभाजीचं कौतुक असतं. ती आपल्याकडे शेतात दिसत नाही. मी फोनवरचा फोटो मायला दाखवला, तर ती म्हणाली, पान तर पाथरीसारखं आहे. नंतर पाहिलं तर खरंच दोन्ही एकाच कुळातल्या, दोघींचं फूल पिवळं, दोघींच्या देठाला पांढरा चीक. पाथरी, एकदांडी, केना, हे दगडूला चालतं. घोळ आणि तांदुळजा कधीतरी, कारण त्यांत ऑक्झॅलिक आम्ल. ही सगळी नावं माय निंदताना शिकली. खुरप्याने पाथरी आली की ती वेगळी काढून ओटीत टाकायची, घरी आणून कच्चीच भाकरीशी खायची. आम्ही पोरं तोंड वाकडं करायचो, कडू म्हणून. पण बी कुठून आणणार? पाथरी आता शेतात नाही, बांधावर नाही. मी दोन हंगाम शोधत होतो.

ती बापूमुळे मिळाली. श्रावणातल्या त्या प्रकारानंतर तो मनाला फार लावून बसला होता. मला काही न सांगता त्याने विहिरीकडच्या धुऱ्याचा शंभर-सव्वाशे फुटांचा पट्टा सोडून दिला. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून मायच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. पंपवाले मजूर आले की तो आधी तिथे जाऊन उभा राहतो. "आठे फवारू नको, हाई दगडूनं शे." पहिल्या वर्षी तिथे नुसतं गाजरगवत माजलं. ते त्याने फुलायच्या आत हाताने उपटलं, तोंडाला फडका बांधून. दुसऱ्या पावसाळ्यात मारवेल आलं, एकदांडी आली.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मायला गाडीवर बसवून शेतात नेलं. विहिरीशी उतरली, हाताने गुडघे धरत धुऱ्यापर्यंत आली आणि लाल चिंधीच्या खुंटीजवळ थांबली. मग वाकली. तिला वाकता येत नाही, तरी वाकली. जमिनीसरपट पसरलेलं, कातरलेल्या पानांचं एक रोप तिने खुडलं, देठ मोडला, पांढरा चीक आला तो अंगठ्याने पुसला. तिथे तशी आणखी आठ-दहा होती.

बापूच्या बायकोने डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला होता. विहिरीच्या पाण्याने पाथरी धुऊन मायने भाकरीवर ठेवली, बांधावर बसूनच खाल्ली. मीही खाल्ली. कडूच होती. बापू पिशवी घेऊन उरलेली खुडायला निघाला, तशी तिने हात वर केला.

"समदी नको खुडू. बी पडू दे." मग भाकरीचा घास तोंडात असतानाच, "आन दगडूले ठेव थोडी."